तुझ्या नावाचं मलम

सुलभाताई, तुझ्या शोकसभेत मलम वाटलं. हो, मलमच. हळदीकुंकवाला वाण लुटावं तसं दारात टेबल मांडलं होतं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कागदी पिशवी दिली जात होती. पिशवीत तुझा फोटो छापलेलं कार्ड आणि एक पांढरी ट्यूब. ट्यूबवर हिरव्या पानांची वेलबुट्टी, मधोमध ‘सुलभा’ हे नाव, आणि खाली बारीक अक्षरांत सांधेदुखीसाठी नॅनो तंत्राने बनवलेल्या पारंपरिक बिब्ब्याची जाहिरात.

तुझा तेरावासुद्धा व्हायचा होता गं.

टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्या हॉलबाहेर पार्किंगमध्ये ती ट्यूब हातात घेऊन मी उभी राहिले आणि आधी तुझ्यावरच चिडले. एक भांडण धड संपवलं नाहीस आणि निघून गेलीस. सकाळी चहा ठेवलास, खुर्चीत बसलीस आणि संपलं. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण आलं. मला ते भाग्य अजिबात कळलेलं नाही. तू आणखी दहा वर्षं डोकं खायला हवी होतीस.

सभेत जे बोलले ते ऐकायला तू हवी होतीस. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, सुलभाताई म्हणजे शांत, सोशिक व्यक्तिमत्त्व. मी शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. सोशिक! गारपिटीनंतर छपराचं नुकसान नाकारायला आलेल्या इन्शुरन्सच्या माणसाला शिडी लावून स्वतःबरोबर छपरावर चढायला लावणारी बाई सोशिक! मग कोणीतरी म्हणालं, त्यांनी आजीबाईचा बटवा सातासमुद्रापार नेला. ‘बटवा’ म्हटलं की तुझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “बटव्यात काय आहे, किती आहे, ते मोजलं का कोणी?” असं विचारायचीस तू, आणि समोरचा गप्प झाला की मग त्याला चहा द्यायचीस. झाडपाल्याची केमिस्ट्री करण्यात तुझी हयात गेली. त्या हॉलमध्ये तुझी एका तासात आजीबाई करून टाकली त्यांनी.

आणि शेवटी मिलिंद उठला. आपल्या दोघींचा एकेकाळचा मालक, मुंबईचा, गोड बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याने डोळ्यांना रुमाल लावला. पडद्यावर तुझा फोटो, त्याच्या शेजारी ट्यूबचा फोटो. म्हणाला, “हे ताईंचं ड्रीम होतं. येत्या गणपतीत आपण ते लाँच करतोय, त्यांच्याच नावाने. अनघाशी मी बोललोय.” लोकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत तुझी अनघा बसली होती, सिएटलहून आलेली, पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, मराठी भाषणं निम्मीशिम्मी समजत असलेली. तिने त्याच्याकडे बघून हात जोडले. आपल्या आईला कोणी इतकं मानतं म्हणून ती भारावून गेली होती. तिथे तिला काय सांगणार होते मी?

तुझं ड्रीम! तू त्याच मलमावरून त्याच्या तोंडावर राजीनामा फेकला होतास. महिन्याभराने मीही बाहेर पडले. हे त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं. त्यातली तू फोटोत होतीस, तो बोलत होता आणि मी खुर्ची धरून बसले होते.

आपली ओळख झाली तेव्हा मी तुला ‘तुम्ही’ म्हणायचे. पुण्याची सवय. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांसमोर म्हणालीस, “कायले तुम्ही-तुम्ही करून राहिली, वृंदा? सासू आहे का मी तुझी?” तेव्हापासून तू ताई आणि तू, दोन्ही. नागपूर सोडून तुला जन्म लोटला होता, एरवी तू माझ्यासारखीच बोलायचीस. पण चिडलीस की नागपूर बाहेर यायचं. “मले नको सांगू” हे तीन शब्द आले की लॅबमधली अमेरिकन मुलंसुद्धा आपापल्या टेबलाकडे वळायची. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण हवामान कळायचं.

बिब्बा हे तुझंच खूळ. अंगावर उततो, फोड आणतो, म्हणून ज्याला घरात लोक जपून हात लावतात, त्याच्यातून तुला औषध काढायचं होतं. त्याचं तेल पेशी मारतं, तू सांगायचीस, फक्त कोणत्या मारायच्या आणि कोणत्या नाही ते त्याला कळत नाही. त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीवर ते हवं तिथे, हवं तेवढंच सुटलं तर? ते काम माझं. मेणासारखा स्निग्ध पदार्थ वितळवायचा, त्यात तुझा अर्क मिसळायचा, गरम पाण्यात घालून प्रचंड दाबाखाली घुसळायचा आणि थंड करायचा. दुधासारखं पांढरं काहीतरी तयार होतं. त्यातला प्रत्येक कण डोळ्याला कधीच दिसणार नाही एवढा बारीक, आणि प्रत्येकाच्या पोटात थोडा बिब्बा. तू पहिल्यांदा ते बघून म्हणालीस, “म्हणजे मोदक.” म्हटलं, हो, मोदकच. पारी नीट असेल तर सारण आत राहतं. आणि तापवून पुन्हा गार केलं की हे मोदक फुटतात, मेण पुन्हा घट्ट होताना आतलं तेल बाहेर ढकलून देतं, हेही मीच तुला सांगितलं होतं. त्याचा तू पुढे किती उपयोग करून घेशील, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मग वीट. बिब्बा औषधात घालण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून, चोळून त्याचं जहाल तेल शोषून घ्यायचं, ही जुनी रीत. तू ती सोडायला तयार नव्हतीस. प्लेनोमध्ये जिकडेतिकडे विटांचीच घरं, त्यामुळे बांधकाम दिसलं की तू गाडी थांबवायचीस आणि हेल्मेट घातलेल्या मुकादमाकडे तुटक्या विटा मागायचीस. गाडीच्या डिकीत विटा घेऊन फिरणारी शास्त्रज्ञ मी दुसरी पाहिली नाही. मी म्हणायचे, ताई, तेल जहाल आहे म्हणून तर मी त्याला मेणात कोंडतेय. तू विटेने तेच काढून टाकलंस तर मी कोंडू काय? तू म्हणायचीस, तुझी पारी फुटली तर? मी म्हणायचे, गार ठेवली तर माझी पारी फुटत नाही. तू म्हणायचीस, पुण्याच्या लोकांचं काहीच फुटत नाही, फक्त समोरच्याचं डोकं फुटतं. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी अर्ध्या बॅच तुझ्या रीतीने, अर्ध्या माझ्या, असा तह झाला. तोही दर महिन्याला मोडायचा.

त्याच काळात एकदा माझ्या ग्लोव्हला बारीक चीर गेली होती आणि मनगटावर बिब्बा उतला. सेफ्टीवाल्या बाईने लांबलचक ईमेल पाठवली. तू मला पार्किंगमध्ये नेलंस, डिकीतल्या विटा बाजूला सारून खोबरेल तेलाची बाटली काढलीस आणि गाडीच्या सीटवर बसवून माझ्या हाताला तेल लावत बसलीस. आणि सगळा वेळ शिव्या. “डोळे कुठे ठेवते तू? घरी तुझ्या नवऱ्याला काय सांगू मी?” माझी आई त्याच वर्षी गेली होती आणि मला तिकडे पोचता आलं नव्हतं. त्या दिवशी गाडीत मी रडले ते हाताच्या आगीने रडले असं तू समजलीस, की समजल्याचं दाखवलंस, मला कधी कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. आता तुझे आभार मानायला गेले तर तूच म्हणशील, पुरे कर.

मिलिंदची गाडी रुळावरून कधी घसरली ते आपल्याला नेमकं कळलंच नाही. आधी तो कॅन्सरबद्दल बोलायचा. मग म्हणायला लागला, औषध म्हटलं की चाचण्या, परवानग्या, वर्षं जातात. मलम म्हटलं, ‘नॅचरल’ म्हटलं की रान मोकळं. गुडघेदुखीचं करू या, घरपोच पाठवू या. तू शांतपणे विचारलंस, “घरपोच म्हणजे पोस्टाने? टेक्सासमध्ये? जुलैत?” त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला: उन्हात मोदक फुटणार.

मग तू तुझी ती सुप्रसिद्ध पोस्टाच्या पेटीची परीक्षा केलीस. तुझ्या घरासमोर रस्त्याच्या कडेला, विटांच्या खांबात बसवलेली ती पत्र्याची पेटी. दिवसभर उन्हात तापून तिला हात लावायची सोय नसायची. त्यात तू मलमाचा नमुना ठेवलास, दुसरा फ्रिजमध्ये ठेवलास आणि संध्याकाळी दोन्ही लॅबमध्ये घेऊन आलीस. तपासायला यंत्रं होती की आपल्याकडे! पण तू पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काढलास आणि इंडियन ग्रोसरीतून आणलेली पानाच्या चुन्याची डबी. तुमच्या नागपूरच्या घरी धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचा. त्यावर चुना लावला की खूण काळीकुट्ट होते आणि कापड फाटलं तरी निघत नाही. मोदक शाबूत असेल तर नुसता तेलकट डाग, फुटला असेल तर काळा. पेटीतल्या मलमाचा डाग आपल्या डोळ्यांदेखत काळा झाला. यंत्रांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, पण तुझं समाधान आधीच झालं होतं.

ते कापड तू मिलिंदच्या टेबलावर ठेवलंस. तो म्हणाला, “ताई, यार, तुम्ही दोघी प्रत्येक गोष्टीत बिब्बा घालता.”

तू म्हणालीस, “मग? पगार त्याचाच देतोस ना?”

मी हसले, तोही हसला. तू हसली नव्हतीस. म्हणालीस, हे लोकांच्या अंगाला लागणार आहे, मिलिंद. तो म्हणाला की हे सगळं तो सांभाळून घेईल, पॅकिंग सुधारेल, तुम्ही ओव्हरथिंक करू नका. “मले नको सांगू,” तू म्हणालीस आणि गळ्यातला कंपनीचा बिल्ला काढून त्या कापडावर ठेवलास.

एवढं सगळं केलंस आणि स्वतःच्या मुलीला सांगितलं नाहीस? नोकरी सोडली एवढंच सांगितलंस, का सोडली ते नाही. “तिला कशाला काळजी?” या वाक्याने आपल्या पिढीने घरोघरी किती घाण करून ठेवली आहे बघ. मुलांना लागू नये म्हणून आपण त्यांच्यापासून आपली भांडणं लपवतो, आणि मग मुलांना आपण सोशिक वाटतो. त्यामुळेच तर मिलिंदचं फावलं.

सभेनंतर मी अनघाला तुझ्या स्वयंपाकघरात गाठलं. तू चहा ठेवलेलं भांडं तिने अजून घासलं नव्हतं. म्हटलं, हे नाव देऊ नकोस. ती दमलेली होती. म्हणाली, “मावशी, इट्स काइंड ऑफ स्वीट, नो? ही वॉज क्रायिंग. आणि आईचं काम... समबडी शुड रिमेंबर इट.” मी रागाने बोलत गेले आणि मी जितकी बोलले तितकी ती गप्प होत गेली. तिला वाटलं असणार, दोन जुन्या सहकाऱ्यांचं काहीतरी बिनसलंय, त्याचा हिशोब ही मावशी आईच्या तेराव्याआधी चुकता करतेय. मला घरी जाताना स्वतःचाच संताप आला. बरोबर असून मी भांडकुदळ दिसत होते आणि तो चोर असून हळवा.

दोन दिवसांनी शीलाकाकूंचा फोन आला. ज्यांचा चिवडा दर दिवाळीला बशीभर खाऊन मग तू नावं ठेवायचीस, त्याच. गुडघ्याला आग होतेय म्हणाल्या. ट्यूब कुठे ठेवली होती विचारलं, तर गाडीत, हाताशी असावी म्हणून. मी गेले तर गुडघ्याभोवती लालबुंद चट्टा, कडेला पाणी धरलेले फोड. त्यांना डॉक्टरकडे नेलं. वाटेत त्या म्हणाल्या, “अगं, मी कुणाचं काही लावत नाही कधी. सुलभाचं आहे म्हणून लावलं. आग झाली तेव्हा वाटलं, तिचं आहे म्हणजे गुण येत असेल.”

ताई, ते वाक्य ऐकून मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तुझ्या नावाचा असा उपयोग झाला. तू आयुष्यभर कमावलेला विश्वास एका ट्यूबवर छापून त्याने एका सत्तरीच्या बाईचा गुडघा भाजला, आणि ती बिचारी सोसत राहिली, कारण नाव तुझं होतं.

मी तशीच अनघाकडे गेले. या वेळी भाषण केलं नाही. शोकसभेतल्या दोन ट्यूब टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, एक फ्रिजमध्ये ठेव, एक बाहेर पोस्टाच्या पेटीत. उद्या दुपारी बोलू. तिने भुवया उंचावल्या, अगदी तुझ्यासारख्या, पण ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की पेटीचं दार तिने ओढणीने धरून उघडलं. तुझ्या कपाटातल्या जुन्या पांढऱ्या सुती साडीचा एक तुकडा आम्ही ओट्यावर पसरला. दोघींनी ग्लोव्ह घातले, चुन्याची डबी तुझ्याच फडताळात सापडली. एका बाजूला फ्रिजमधलं मलम, दुसऱ्या बाजूला पेटीतलं, दोन्हींवर चुना. अनघा कापडावर वाकून बघत राहिली. फ्रिजमधलं पिवळट तेलकट राहिलं. पेटीतलं आधी तपकिरी झालं, मग कडेने काळं, मग सगळंच काळं. मी तिला सगळं सांगितलं, पारी, सारण, धोबी, तुझा बिल्ला. मग काकूंच्या गुडघ्याचा फोटो दाखवला. ती कापड सिंकवर नेऊन साबणाने घासायला लागली. पिवळा डाग निघाला. काळ्यावर ती बराच वेळ घासत होती, आणि घासताना रडत होती.

मग हात पुसून तिने मिलिंदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कापडाचं आणि काकूंचं सांगितलं. तो म्हणाला, अरे, एखाद्याची स्किन सेन्सिटिव्ह असते. अर्क कसा काढला, तिने विचारलं. मी विचारायला सांगितलं होतं. तेव्हा कळलं की विटेची पायरी त्याने गाळली होती, फार वेळ खाते म्हणून. आणि माझं मेणही बदललं होतं, स्वस्तातलं घेतलं होतं. आपण दोघी इतकी वर्षं भांडलो ते वीट की मेण यावर. त्याने दोन्ही काढून टाकलं आणि जे उरलं त्याला तुझं नाव दिलं.

“ओके, ओके,” तो म्हणाला, “तुला अनकम्फर्टेबल वाटत असेल तर नाव काढतो. दुसरं काहीतरी ठेवू.”

“नॉट द नेम, काका. ऑल ऑफ इट. एकही ट्यूब जाणार नाही. यू रिकॉल दीज टुडे, नाहीतर मी आणि मावशी कंप्लेंट फाइल करतोय.”

“बेटा, तू आत्ता ग्रीफमध्ये आहेस. ट्रस्ट मी, तुझ्या आईला हे समजलं असतं. तिला मी ओळखत होतो...”

“मले नको सांगू,” अनघा म्हणाली.

मी दचकून मागे बघितलं, ताई. खरंच बघितलं. ‘ळ’ म्हणता येत नाही त्या पोरीला, ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते, तुला फोनवर कायम इंग्लिशमध्ये उत्तरं देत आली. आणि ते तीन शब्द, त्याच हवामानासकट. तिने फोन ठेवला आणि मला विचारलं, “बरोबर म्हटलं ना मी? डॅड होता तेव्हा आई त्याच्यावर चिडली की म्हणायची.”

गणपतीतलं लाँच रद्द झालं. मिलिंदचा मेल आला, त्यात ‘तांत्रिक कारण’ असं लिहिलंय. माफी नाही. तक्रार आम्ही तरीही केली, कारण दुसरं नाव लावून तो पुन्हा येईल हे मला ठाऊक आहे. वाटलेल्या ट्यूब परत घ्यायला अनघा आणि मी घरोघर फोन केले, दारोदार फिरलो. काही जण म्हणाले, असू दे की, ताईंची आठवण म्हणून ठेवतो. एकांनी देवघरात ठेवली होती, हळदकुंकू वाहून. ती उचलताना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तू असतीस तर त्याहून वाईट बोलली असतीस. शीलाकाकूंचे फोड बसताहेत. तू लावायचीस तसं खोबरेल लावू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारा. बटवा काढला असता तर तू वरून खाली आली असतीस.

अनघा काल सिएटलला गेली. कापडाचा तुकडा घेऊन गेली. जाण्याआधी गॅरेज आवरताना म्हणाली, मावशी, इथे एवढ्या तुटक्या विटा का आहेत, फेकून देऊ?

नको म्हटलं. तुझं विटेचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही, हे नीट ऐकून ठेव. माझी पारी चांगली होती. पण विटा मी माझ्या डिकीत भरून घरी आणल्या आहेत.